संगणकाला हुकूम मुलांनी सोडावा

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात जेकब हॅबगूड या संशोधकानं ‘झॉम्बी डिव्हिजन’ नावाचा संगणकीय खेळ तयार केला. खेळणारं मूल त्यात एक ग्रीक योद्धा असतं. समोरून हाडांचे सापळे चालून येतात आणि त्यांच्या छातीवर एकेक संख्या लिहिलेली असते. योद्ध्याच्या प्रत्येक वारालाही एक अंक जोडलेला असतो. सापळ्यावर २७ असेल आणि मुलानं दोनचा वार केला, तर सापळ्याचं काहीच बिघडत नाही. तीनचा वार केला की तो कोसळतो, कारण २७ला तीननं भाग जातो. लढायचं तर भागाकार करावाच लागतो.

हॅबगूड आणि शारॉन एन्सवर्थ यांनी याच खेळाची आणखी एक आवृत्ती केली. तिच्यात सापळ्यांवरच्या संख्या काढून टाकल्या आणि भागाकाराची तीच उदाहरणं प्रत्येक टप्प्याच्या शेवटी प्रश्नमंजूषेसारखी ठेवली. आधी मनसोक्त लढा, मग उदाहरणं सोडवा. दोन्ही आवृत्त्या मुलांना सारखाच वेळ खेळायला दिल्या, तेव्हा पहिली आवृत्ती खेळलेली मुलं भागाकारात पुढे गेली. मग मुलांना हवी ती आवृत्ती खेळायची मोकळीक दिली, तर त्यांनी पहिलीला दुसरीच्या सातपट वेळ दिला. २०११ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास शाळेसाठी सॉफ्टवेअर निवडणाऱ्या प्रत्येकानं नजरेखालून घालायला हवा. गणित कडू औषधासारखं शेवटी पाजावं लागतं, ही मोठ्यांची समजूत त्यात साफ खोटी ठरली. मुलांना गणितच खेळायचं होतं.

आपल्याकडे शाळांना आणि पालकांना ‘खेळातून शिक्षण’ म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं दुसऱ्या आवृत्तीच्या जातीचं असतं. चार पर्याय, एक बरोबर उत्तर, उत्तर दिलं की टाळ्यांचा आवाज आणि पडद्यावर तारे. स्वाध्याय तोच, फक्त कागद जाऊन काच आली. शंभर तारे मिळवलेलं मूल अपूर्णांकाची बेरीज का तशी करतात हे सांगू शकेलच असं नाही. बरोबर पर्यायाच्या ठिकाणी झटकन बोट ठेवणं मात्र त्याला नक्की जमू लागतं. या करमणुकीवर शाळेचा पैसा आणि मुलांचा वेळ खर्ची घालू नये.

मग वर्गात संगणक आणूच नये का? जरूर आणावा. फक्त त्याच्यासमोर बसलेलं मूल काहीतरी घडवत असलं पाहिजे.

हा विचार आजचा नाही. १९६७ साली अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात वॅली फर्झाइग, सीमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकाची भाषा तयार केली. पॅपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, गणिती. जिनिव्हात ज्याँ पियाजे यांच्याबरोबर काही वर्षं काम करून ते अमेरिकेत आले होते. ‘माइंडस्टॉर्म्स’ या १९८०च्या पुस्तकात त्यांनी एक आक्षेप नोंदवला. बऱ्याच शाळांत संगणकच मुलाला चालवतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलानं संगणकाला चालवावं, ही त्यांची धडपड होती. आज चाळीसहून अधिक वर्षांनंतर आपल्या शाळांच्या संगणक कक्षात डोकावलं, तर तो आक्षेप जसाच्या तसा लागू पडतो.

लोगोतलं कासव हे काय प्रकरण आहे, ते एका उदाहरणानं पाहू. पडद्यावर एक छोटं कासव असतं. त्याला ‘शंभर पावलं पुढे जा, उजवीकडे ९० अंशात वळ’ असं चार वेळा सांगितलं की चालता चालता ते चौरस काढतं. सहावीतल्या मुलीला हे पाच मिनिटांत जमतं. आता तिला समभुज त्रिकोण काढायचा आहे. प्रत्येक कोन ६० अंशांचा, हे तिला पाठ आहे. म्हणून ती ‘शंभर पावलं पुढे, उजवीकडे ६०’ असं तीनदा सांगते. त्रिकोण होत नाही. तीन बाजूंचा एक उघडा आकार होतो आणि कासव सुरुवातीच्या जागेपासून भलतीकडेच जाऊन थांबतं. हट्टानं तिनं तोच हुकूम आणखी तीनदा दिला, तर पडद्यावर अचानक षट्कोन उभा राहतो!

इथे चांगली शिक्षिका उत्तर सांगत नाही. ती मुलीला मैदानावर नेते, फक्कीनं त्रिकोण आखते आणि त्याच्या कडेनं चालायला लावते. कोपऱ्याशी आल्यावर मुलीच्या लक्षात येतं की आपल्याला ६० अंशांपेक्षा बरंच जास्त वळावं लागतंय. वळायचे असतात १२०. त्रिकोणात तीन वेळा १२०, चौरसात चार वेळा ९०, षट्कोनात सहा वेळा ६०. प्रत्येक वेळी बेरीज ३६०, कारण फेरी पूर्ण करून तोंड पुन्हा पहिल्या दिशेला आलेलं असतं. बहुभुजाकृतीच्या बाह्यकोनांची बेरीज ३६० अंश असते, हे वाक्य पुस्तकात चौकटीत छापलेलं असतं. या मुलीनं ते पायांनी चालून काढलं. त्यानंतर ‘एक पाऊल पुढे, एक अंश वळ’ असं ३६० वेळा केलं तर काय होईल, हा प्रश्न बहुधा तीच विचारते.

लोगोचंच पुढच्या पिढीतलं रूप म्हणजे ‘स्क्रॅच’. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या गटानं ते घडवलं आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून मुलं त्यात गोष्टी, खेळ, चलचित्रं तयार करतात. समजा चौथीच्या मुलांनी काऊ-चिऊची गोष्ट करायला घेतली. पाऊस पाडला, कावळ्याचं घर वाहून नेलं, त्याला चिमणीच्या दारात आणून उभं केलं. पण खेळ सुरू केला की कावळा आणि चिमणी एकाच वेळी बोलू लागतात. दार उघडायला सांगण्याआधीच चिमणीचं उत्तर येऊन जातं. मग खल सुरू होतो. चिमणीला दोन सेकंद थांबवावं, की कावळ्यानं आधी निरोप पाठवावा आणि तो मिळाल्यावरच चिमणीनं बोलावं? पहिल्या उपायात कावळ्याचं वाक्य लांबलं की सगळं पुन्हा बिघडतं, दुसऱ्यात बिघडत नाही. नऊ वर्षांची मुलं इथे कार्य आणि कारण, क्रम आणि अट यांच्याशी झटत असतात, आणि मराठीच्या तासाची गोष्टही त्यांच्या अंगात मुरत असते.

इतकं मोहक चित्र रंगवल्यावर पुरावा काय सांगतो, हेही सांगायलाच हवं. १९८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजात रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी वर्षभर लोगो शिकलेल्या मुलांची परीक्षा पाहिली. वर्गातली साफसफाईची कामं कमीत कमी हेलपाट्यांत कशी उरकायची, याचं नियोजन मुलांना करायला दिलं. लोगो शिकलेली मुलं इतरांपेक्षा सरस ठरली नाहीत. कासव फिरवलं की बुद्धी आपोआप सगळीकडे तल्लख होते, हा दावा तिथे टिकला नाही. पॅपर्ट यांच्या चाहत्यांना हा निष्कर्ष रुचला नाही, पण त्यातला धडा शिक्षकांच्या बाजूचा आहे. मूल कासवाशी जे शिकतं ते दुसऱ्या कामात वापरायला कुणीतरी शिकवावं लागतं. मैदानात फक्कीनं त्रिकोण आखणारं कुणी नसेल, तर पडद्यावरचा त्रिकोण पडद्यावरच राहतो.

पेरू देशानं हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या निकोलस निग्रोपॉन्टे यांच्या मोहिमेत पेरूनं लाखो लॅपटॉप विकत घेतले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या अभ्यासकांनी ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळा तपासून २०१२ साली अहवाल दिला. तर्कक्षमतेच्या चाचण्यांत थोडा फायदा दिसत होता, पण गणितात आणि भाषेत काहीच फरक पडला नव्हता. यंत्रं पोहोचली होती, वर्गातली शिकवण्याची रीत होती तशीच होती.

या मोहिमेचा एक धागा महाराष्ट्राशीही जुळतो. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं २००६ मध्ये या लॅपटॉपला नकार दिला होता. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात या छोट्या गावातल्या एकशिक्षकी शाळेत त्याचा भारतातला पहिला प्रयोग झाला. वीस-बावीस मुलांची ती शाळा. हिरव्या-पांढऱ्या रंगाच्या त्या यंत्रात कासवाची चित्रकला होती, छायाचित्रं काढायची सोय होती, संगीत रचायचं साधन होतं. पुढे आपल्या राज्यानं जो पैसा ओतला, तो मात्र वेगळ्याच दिशेनं गेला. ‘डिजिटल शाळा’ म्हणताच भिंतीवरचा मोठा पडदा, प्रोजेक्टर आणि पाठांचे व्हिडिओ डोळ्यासमोर येतात. फीत कापली जाते, छायाचित्र छापून येतं आणि त्यानंतर मुलं हाताची घडी घालून पडद्याकडे बघत बसतात. पूर्वी ती फळ्याकडे बघत बसायची.

आणि जिथे संगणक कक्ष आहे तिथे काय चालतं, हे मुलांच्या वहीत दिसतं. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि सीपीयूची नावं दिलेली सुबक आकृती, खाली सहीचा शेरा. कक्षाची किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि संगणकावर प्लास्टिकचं आवरण, कारण बिघडला तर जबाबदारी कोणाची? हा दोष शिक्षकांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. मतदार याद्या, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी, रोज मागवली जाणारी ऑनलाइन माहिती या अशैक्षणिक कामांतून त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि प्रशिक्षणाच्या नावाखाली त्यांना सादरीकरणं दाखवली जातात. ज्या शिक्षकानं स्वतः कधी कासवाला चुकीचं वळवून पाहिलेलं नाही, तो मुलांना कसं चुकू देणार?

शिक्षकाच्या हाती मोकळीक आली तर काय घडतं, याचं जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण १९७१चं आहे. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये डॉन रॉविच हा तरुण इतिहासाचे सराव पाठ घेत होता. एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांनी पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतकऱ्यांचा प्रवास त्याला आठवीच्या वर्गाला शिकवायचा होता. त्याच्याबरोबर राहणाऱ्या, गणित शिकवणाऱ्या बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर या मित्रांनी दोनेक आठवड्यांत ‘ओरेगॉन ट्रेल’ हा खेळ लिहून दिला. त्याला पडदासुद्धा नव्हता. टेलिटाइप यंत्र कागदावर मजकूर छापायचं आणि मुलं उत्तर टंकायची. धान्यावर किती पैसे खर्चायचे, गोळ्या किती घ्यायच्या, आजारी माणसाला घेऊन पुढे जायचं की थांबायचं, हे मुलांनीच गटात ठरवायचं. शिकारीच्या वेळी ‘बँग’ हा शब्द झटकन टंकावा लागे, म्हणून ज्याची बोटं चपळ त्याच्याकडे ते काम. एका यंत्राभोवती अख्खा वर्ग गुंतलेला असे. या खेळात मूळ अमेरिकी रहिवाशांच्या बाजूचा इतिहास नव्हता, अशी टीका पुढे झाली आणि ती रास्तच होती. पण एका धड्यासाठी, एका वर्गासाठी, शिक्षकाच्या गरजेतून खेळ जन्माला आला, ही गोष्ट मोलाची आहे.

भारतातही असं काम झालं आहे, आणि त्याचं केंद्र मुंबईत होतं. टाटा समाजविज्ञान संस्था, एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांनी २०१५ मध्ये ‘क्लिक्स’ हा उपक्रम सुरू केला. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रही त्यात सहभागी होतं. राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणा आणि मिझोराममधल्या सरकारी माध्यमिक शाळांसाठी त्यांनी गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे पाठ रचले. भूमितीच्या पाठात ‘पोलीस क्वाड’ नावाचा खेळ आहे. त्यात मुलं पोलीस होतात, चौकोन संशयित असतात आणि गुणधर्मांचे प्रश्न विचारून एकेकाला वगळत योग्य आकृतीपर्यंत पोहोचायचं असतं. समोरासमोरच्या बाजू समान आहेत का, हा प्रश्न विचारून किती संशयित सुटतील याचा हिशोब करताना समांतरभुज चौकोन आणि समलंब चौकोन यांतला फरक मुलांच्या जिभेवर येतो. एका संगणकावर दोघा-तिघांनी मिळून बसायचं, अशीच या पाठांची रचना होती. शेजारच्याला पटवून द्यायचं तर विचार बोलून दाखवावा लागतो. तिथे संगणक कमी असणं हीसुद्धा सोयच ठरते. युनेस्कोचा २०१७चा किंग हमाद पुरस्कार या उपक्रमाला मिळाला. मुंबईत जुळवलेलं हे काम चार राज्यांत गेलं आणि महाराष्ट्रातल्या शाळांपर्यंत त्या प्रमाणात पोहोचलं नाही, हे खटकतं.

खरं तर मुलांच्या हाताला काम देण्याची परंपरा इथे संगणकाच्या फार आधीची आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पानं, माती हीच आदिवासी मुलांची शैक्षणिक साधनं झाली. पुण्यात आयुकाच्या आवारात अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या, सायकलची नळी आणि रिकाम्या बाटल्यांपासून विज्ञान उभं केलं. त्या कामासाठी २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्क्रॅचचे ठोकळे याच कुळातले आहेत. ज्या शाळेत काड्यांचे घन बनत नाहीत, चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो, तिथे संगणकावर अचानक सर्जनशीलता फुलणार नाही.

खर्चाची सबब इथे फारशी टिकत नाही. लहानग्यांच्या चित्रकलेचं ‘टक्स पेंट’ विनामूल्य आहे आणि मराठीतही चालतं. भूमिती आणि बीजगणितासाठी ‘जिओजेब्रा’ आहे, विज्ञानाच्या प्रयोगांसाठी कोलोरॅडो विद्यापीठाचं ‘फेट’ आहे. त्यातले अनेक प्रयोग मराठीत उपलब्ध आहेत. स्क्रॅच इंटरनेटशिवायही वापरता येतं, जुन्या संगणकावर कासव आरामात चालतं. शिक्षकांसाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पानं मराठी आवाजातले पाठ तयार केले आहेत. ते ऐकत ऐकत शेजारी सॉफ्टवेअर उघडून स्वतः करून बघायचं, अशी त्यांची पद्धत आहे. यूडायस प्लसच्या २०२४-२५च्या आकडेवारीनुसार देशातल्या सुमारे ६५ टक्के शाळांत संगणक आहेत. उरलेल्या ३५ टक्क्यांची चिंता जरूर करावी. पण जे आहेत त्यांवरचं आवरण आधी निघालं पाहिजे.

पालकांची भीती वेगळी आहे आणि ती खरी आहे. घरात मूल मोबाइल सोडत नाही, त्यात शाळेनंही पडदाच दाखवायचा? युनेस्कोच्या २०२३च्या जागतिक शिक्षण अहवालानंही तंत्रज्ञानाच्या आंधळ्या वापराबद्दल सरकारांना सावध केलं. ‘असर’च्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांनी स्मार्टफोन वापरता येत असल्याचं सांगितलं. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. पडदा मुलांच्या हातात आधीच आलेला आहे आणि तो त्यांना सरकवत राहायला शिकवतो आहे. आठवड्यातून दोन तास त्याच पडद्याला हुकूम सोडायचा अनुभव शाळेनं दिला नाही, तर तो दुसरं कोण देणार? यासाठी वाचन, मैदान किंवा झाडाखालचा तास कापायची गरज नाही. आकृत्या उतरवण्यात जाणारा संगणकाचा तासच पुरेसा आहे.

यातला सर्वांत अवघड अडथळा परीक्षेचा. नव्या शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंग आणायचं ठरवलं आहे. त्याचं पाठ्यपुस्तक निघेल, मग व्याख्या येतील, मग रिकाम्या जागा भरा आणि जोड्या लावा. तसं झालं, तर कासवाचं शिक्षणही सनावळीसारखं पाठ होईल. या विषयाला लेखी परीक्षा असूच नये. मुलानं वर्षभरात काय बनवलं, ते बनवताना कुठे अडलं आणि कसं सोडवलं, हे त्यानं वर्गासमोर सांगावं, एवढंच मूल्यमापन पुरेसं आहे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. या पालकांनी येत्या सभेत नव्या पडद्याच्या खरेदीवर सही करण्याआधी संगणकाच्या तासाला आपल्या मुलांनी काय तयार केलं, ते दाखवायला सांगावं. दाखवण्यासारखं काही नसेल, तर तो पैसा दोन शिक्षकांच्या चांगल्या प्रशिक्षणावर खर्च करण्याचा ठराव त्याच सभेत मांडावा.